यमक नाही, तरी कविता! हिब्रू बायबलमधली गाणी मराठीत कशी आली?

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.’
‘कामापुरता मामा, ताकापुरती आजी.’

या म्हणी आपण हजारदा ऐकल्यात. दोन्हींत यमक नाही. तरी बोलताना ठेका लागतो आणि पहिला अर्धा भाग ऐकला की दुसरा आपोआप ओठांवर येतो. असं का होतं?

कारण इथे शब्दांचे शेवट जुळत नाहीत, अर्थ जुळतात. मामासमोर आजी येते, कामासमोर ताक येतं. सोन्यासमोर कथील येतं आणि दोघांची टक्कर होते. म्हणीचे दोन भाग तराजूच्या दोन पारड्यांसारखे समोरासमोर असतात.

ही युक्ती लक्षात ठेवा. जगातल्या सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या कवितांपैकी एक, म्हणजे हिब्रू बायबलमधली कविता, याच युक्तीवर उभी आहे. ‘आमेन’ आणि ‘हालेलुया’ हे शब्द आपण सिनेमातही ऐकतो, ते मुळात हिब्रू. पण त्या भाषेतली अख्खी कविता महाराष्ट्रात येऊन मराठी बोलू लागली, ती गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. तीच आज समजून घेऊ.

ही कविता नेमकी आहे कुठे?

यहुदी लोकांच्या पवित्र ग्रंथसंग्रहाला ‘तनाख’ म्हणतात. ख्रिस्ती लोकांच्या ‘जुन्या करारा’तही ही पुस्तकं असतात, त्यांचा क्रम थोडा वेगळा असतो. यातला जवळपास एक तृतीयांश भाग काव्य आहे.

सगळ्यात प्रसिद्ध भाग म्हणजे १५० स्तोत्रांचा संग्रह. मराठी बायबलमध्ये त्याचं नाव ‘स्तोत्रसंहिता’. यात आनंदाची गाणी आहेत, राजासाठी रचलेली आहेत आणि विलापाची तर भरपूर आहेत. देवाला थेट ‘तू कुठे आहेस?’ असं विचारणारी, भांडणारी, रडणारी. ‘दावीद राजाने सगळी स्तोत्रं लिहिली’ असं अनेकदा सांगितलं जातं. प्रत्यक्षात ७३ स्तोत्रांच्या शीर्षकात दावीदचं नाव आहे. बाकीच्यांत आसाफ, कोरहाचे वंशज अशी इतर नावं येतात, काहींवर कुणाचंच नाव नाही.

१२० ते १३४ या १५ स्तोत्रांना ‘चढणीची गीतं’ म्हणतात. यरुशलेम शहर डोंगरावर. तिथल्या मंदिराकडे चढत जाणारे यात्रेकरू ही गाणी म्हणत, असं मानलं जातं. पंढरीची वारी माहीत असलेल्या किंवा केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायकाच्या दर्शनाला गेलेल्या माणसाला यात वेगळं काही समजावून सांगायला नको. पाय चालत असतात तेव्हा तोंडात गाणं असतं, आणि गाणं छोटं असावं लागतं. ही स्तोत्रंही बहुतेक छोटीच आहेत.

स्तोत्रांखेरीज ‘गीतरत्न’ आहे, प्रेमिकांच्या संवादाची कविता. ‘विलापगीत’ आहे, बाबिलोनच्या सैन्यानं इसवी सनपूर्व सहाव्या शतकात यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतरचं. ‘नीतिसूत्रे’ आहेत. ‘ईयोब’ आहे, त्यात सुरुवात आणि शेवट गद्य, मधला सगळा वाद काव्यात. यशया, आमोस अशा संदेष्ट्यांचं बोलणंही बरंचसं कवितेत आहे. सगळ्यात जुन्या रचनांमध्ये दबोरा नावाच्या स्त्रीच्या तोंडचं युद्धगीत मोजलं जातं.

यमक शब्दांचं नाही, अर्थाचं

आता मूळ प्रश्न. यमक नाही, आपल्या अभंगासारखी अक्षरांची ठरलेली मोजणी नाही, मग याला कविता का म्हणायचं?

हे युरोपात नीट मांडलं रॉबर्ट लाउथ यांनी. ते ऑक्सफर्डला काव्याचे प्राध्यापक होते. त्यांची लॅटिन व्याख्यानं १७५३ मध्ये पुस्तकरूपात आली. त्यांनी दाखवलं की हिब्रू कवितेची ओळ साधारण दोन भागांत तुटते आणि दुसरा भाग पहिल्याशी अर्थानं बांधलेला असतो. याला त्यांनी समांतरता म्हटलं आणि तिचे तीन प्रकार सांगितले. ते तिन्ही आपल्या म्हणींत सापडतात.

पहिला प्रकार: दुसरा भाग पहिल्यासारखंच काही वेगळ्या शब्दांत म्हणतो. ‘कामापुरता मामा, ताकापुरती आजी.’

दुसरा: दुसरा भाग उलट टोकाला जातो. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.’ नीतिसूत्रांच्या १० ते १५ या अध्यायांत हा प्रकार ओळीमागून ओळ भेटतो. शहाणा असा, मूर्ख तसा.

तिसरा: दुसरा भाग पहिल्याला पुढे नेतो, पूर्ण करतो. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला.’

लाउथ यांच्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी अभ्यासकांनी यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. जेम्स कुगेल (१९८१) आणि रॉबर्ट ऑल्टर (१९८५) यांचं म्हणणं असं की, दुसरा भाग नुसती पुनरुक्ती कधीच नसतो. तो पहिल्यात भर टाकतो. जास्त नेमका होतो, जास्त तीव्र होतो.

हे कसं, ते पाहायला केळझरच्या शिवारातलं, आपणच रचलेलं उदाहरण घेऊ:

*पाऊस फिरकला नाही, शिवार वाळलं;*
*ढगानं पाठ फिरवली, पऱ्हाटीनं मान टाकली.*

दोन्ही ओळींत बातमी एकच आहे. पण पहिल्या ओळीत ती बातमीच आहे. दुसऱ्या ओळीत ढगाला पाठ आली, पऱ्हाटीला मान आली. अख्ख्या शिवाराऐवजी एक झाड डोळ्यासमोर आलं. म्हणजे आपण लांबून जवळ आलो. हिब्रू कवी हेच करतो आणि बहुतेक वेळा कमी शब्दांत करतो. मेंढपाळाचं म्हणून जगभर ओळखलं जाणारं २३वं स्तोत्र घ्या. शीर्षक सोडलं तर त्याची पहिली ओळ हिब्रूत फक्त चार शब्दांची आहे.

ही पद्धत एकट्या हिब्रूचीही नव्हती. १९२९ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित या प्राचीन शहराचं उत्खनन सुरू झालं. तिथे मातीच्या पाट्यांवर लिहिलेली, बायबलहून जुनी काव्यं मिळाली. त्यांतही तशाच जोड-ओळी होत्या, कित्येकदा शब्दांच्या जोड्यासुद्धा त्याच. म्हणजे तो सगळ्या प्रदेशाचाच कवितेचा ठेका होता.

भाषांतरात काय टिकतं, काय हरवतं?

इथे एक गंमत होते. यमक दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. ज्ञानेश्वरीची ओवी इंग्रजीत नेली की अर्थ जातो, पण तिचा नाद इथेच राहतो. हिब्रू कवितेचा मुख्य आधारच अर्थाचा असल्यामुळे तिचा सांगाडा मात्र भाषांतरात बराचसा शाबूत राहतो. कोणत्याही भाषेत ‘मामा’समोर ‘आजी’ ठेवता येते.

पण सगळं टिकत नाही. दोन गोष्टी हमखास गळतात.

एक म्हणजे अक्षरक्रम. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं आहेत. ११९व्या स्तोत्रात प्रत्येक अक्षरानं सुरू होणारे आठ-आठ श्लोक आहेत, एकूण १७६. विलापगीताच्या पाचपैकी चार अध्यायांची रचनाही अशीच वर्णमालेवर आहे. शहर जळालंय, माणसं उपाशी आहेत आणि कवी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत क्रमानं रडतोय. पाचव्या अध्यायात श्लोक २२च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. भाषांतर वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्दांचे खेळ. यशयाच्या पाचव्या अध्यायात एक जबरदस्त जागा आहे. देवानं ‘मिश्पात’ म्हणजे न्यायाची अपेक्षा केली, समोर आला ‘मिस्पाख’ म्हणजे रक्तपात. ‘त्सेदाका’ म्हणजे नीतिमत्ता हवी होती, कानावर आली ‘त्सेआका’ म्हणजे किंकाळी. एका अक्षराच्या फरकानं न्यायाचा अन्याय होतो. मराठीत अर्थ येतो, पण कानाखाली बसलेली ती चपराक येत नाही.

आता प्रश्न असा, की मराठीत हे आणणारे लोक कोण होते आणि त्यांनी यातलं काय राखायचं ठरवलं?

शनिवार तेली आणि त्यांची मराठी

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावपाशी जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. लक्षात राहिली ती ‘शमा’ ही एक प्रार्थना आणि शनिवारी काम न करण्याचा नियम. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं गावांवरून पडली: दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर. घरची भाषा मराठी.

पुढे मुंबईत वस्ती वाढली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी तिथलं पहिलं सिनेगॉग उभारलं. कोचीच्या यहुद्यांकडून धर्मशिक्षण मिळू लागलं. ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहून छापलं. धर्मांतर फारच थोड्यांनी केलं, पण आपल्याच ग्रंथाची भाषा शिकायला मराठीतून वाट मिळाली.

मग पुस्तकं येऊ लागली. पेसाह म्हणजे वल्हांडणाच्या रात्री यहुदी घराघरांत ‘हग्गादा’ वाचतात. त्यात इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची गोष्ट असते आणि ११३ ते ११८ ही स्तोत्रंही असतात. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठी मजकूर असलेली हग्गादा शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात सचित्र आवृत्ती निघाली. तिच्यातल्या चित्रांत सणाची भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या, जमिनीवर बसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. यहुदी प्रार्थनेत पावलोपावली स्तोत्रं येतात, त्यामुळे तीही सोबत आली.

हा झाला पहिला मार्ग. हिब्रू तसंच ठेवायचं आणि शेजारी मराठी अर्थ द्यायचा. हिब्रू म्हणायला, मराठी समजायला. केळझरला गणपतीसमोर संस्कृत अथर्वशीर्ष म्हणणारा आणि अर्थासाठी मराठी पुस्तिका उघडणारा भाविक हेच करतो.

यहुदी कीर्तन? होय!

दुसरा मार्ग जास्त धाडसी होता. १८८०च्या दशकात बेने इस्राएल तरुणांनी आजूबाजूचं मराठी कीर्तन उचललं. गाणं, निरूपण, पुन्हा गाणं, हाच साचा. कथा मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची, एस्तेर राणीची. गाणी मराठी चालींवर आणि वृत्तांत नव्यानं रचलेली. ज्यांना हिब्रू कळत नव्हतं, त्या बायका-पोरांनाही आपली गोष्ट पहिल्यांदा आपल्या भाषेत, रात्रभर बसून ऐकता आली.

इथे देवाणघेवाण उलटी झाली. मराठी गाण्याला यमक लागतं, ताल लागतो. तेव्हा हिब्रूतली अर्थाची जोडी मागे सरली आणि मराठीचा नाद पुढे आला. हे भाषांतर म्हणायचं की नवी कविता? कीर्तन ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडला नसावा. त्याला गाणं पाठ झालं आणि ते घरी गेलं, यातच सगळं आलं.

रमाबाईंनी सोपी मराठी का निवडली?

तिसरा मार्ग एका बाईनं एकटीनं काढला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना लहानपणीच भागवताचे हजारो संस्कृत श्लोक पाठ होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुण्याजवळच्या केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली.

१८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणल्या. वर्धा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. त्या मुलींना बायबल वाचायला द्यायचं, तर उपलब्ध भाषांतराची मराठी त्यांना जड होती. रमाबाईंच्या मते ती संस्कृतनं भरलेली होती आणि तिच्यातल्या अनेक शब्दांना आधीचे धार्मिक अर्थ चिकटलेले होते. उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचं भाषांतर स्वतः केलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथ बाहेर आला, तेव्हा रमाबाई हयात नव्हत्या.

मनात आणलं असतं, तर रमाबाई स्तोत्रं उत्तम वृत्तांत बांधू शकल्या असत्या. त्यांच्याइतकी वृत्तं कुणाच्या जिभेवर होती? त्यांनी ते केलं नाही. समोर वाचणारी बाई कोण आहे, हे ठरवून त्यांनी साधी मराठी निवडली. हिब्रू कविता अर्थावर उभी असल्यामुळे साध्या गद्यातही तिचे दोन भाग समोरासमोर उभे राहू शकत होते. आज चर्चमध्ये प्रामुख्याने बायबल सोसायटीचं भाषांतर वाचलं जातं. पण मराठी बायबल एका बाईनं मूळ भाषांतून आणलं, हे इतिहासात पक्कं आहे.

रमाबाईंचे समकालीन कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी वेगळाच रस्ता धरला. त्यांनी भाषांतराच्या मागे न लागता ख्रिस्ती भक्ती थेट अभंगात लिहिली. ती गीतं मराठी चर्चमध्ये अजून गायली जातात.

मग अडचण कुठे आहे?

बायबल छापलं जातंय, मोबाइलवरही आहे. त्यामुळे मराठी स्तोत्रं कुठे हरवणार नाहीत. धोक्यात आहे ते बेने इस्राएलांचं मराठी.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस या समाजाची संख्या सुमारे २० हजार होती. इस्राएल देश झाल्यानंतर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आता भारतात काही हजारच उरले आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक याच समाजानं काढलं. पण तिथे जन्मलेल्या पिढीची भाषा हिब्रू आहे. मराठी कीर्तनाची गाणी प्रामुख्याने ज्येष्ठ बायकांच्या आठवणीत आणि वह्यांत उरली आहेत. संगीत-अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांच्यासारखे संशोधक त्यांवर काम करत आहेत.

यातला उलटा न्याय बघा. ज्यांच्या पूर्वजांना हिब्रू कळत नव्हती म्हणून गाणी मराठीत आली, त्यांच्या नातवंडांना आता मराठी कळत नाही. मूळ हिब्रू स्तोत्रं त्यांना शाळेतच भेटतात. मधला शंभर-सव्वाशे वर्षांचा मराठी मुक्काम मात्र कुणी समजावल्याशिवाय भेटणार नाही.

याच समाजात निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) हे मुंबईचे कवी झाले. ते इंग्रजीत लिहीत. त्यांनी वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांच्या मराठी कवितांचं इंग्रजी भाषांतरही केलं. १९८३ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘लेटर-डे साम्स’ या संग्रहाला. ‘साम’ म्हणजे इंग्रजीत स्तोत्र. निवडक जुन्या स्तोत्रांना आजच्या माणसानं दिलेली उत्तरं त्यात आहेत, कधी मान डोलावत, कधी वाद घालत.

वाचायची असेल तर अशी वाचा

धर्म कुठलाही असो किंवा नसो, ही कविता वाचायला तीन गोष्टी पुरतात.

१. छोट्यापासून सुरुवात करा. १२० ते १३४ मधलं कुठलंही स्तोत्र दोन मिनिटांत वाचून होतं.

२. यमक शोधू नका. ओळीचा पहिला भाग वाचून थांबा, मग दुसरा वाचा. ‘तेच तर सांगितलं’ असं वाटलं, तर पुन्हा बघा. काय नेमकं झालं? काय जवळ आलं?

३. मोठ्यानं वाचा. ही कविता डोळ्यांसाठी लिहिलेली नव्हती. ती चढावर, मंदिरात, मांडवात आणि घरच्या जेवणाच्या पंगतीत म्हणायची होती.

आणि तुमच्या घरी किंवा ओळखीत एखाद्या आजीची गाण्यांची वही असेल, मग ती कीर्तनाची असो, ओव्यांची असो की स्तोत्रांची, तर एक काम आजच करा. पानांचे फोटो काढून ठेवा आणि जमलं तर आजीला चाल म्हणायला सांगून रेकॉर्ड करा. शब्द कागदावर राहतील, पण चाल फक्त आजीला येते.